रिळाची गाडी आणि मोठ्यांचे हात

मुलांच्या खेळण्यांची टोपली एखाद्या रविवारी सवडीने फरशीवर उपडी करून पाहावी. त्यांतली निम्मी खेळणी चालत नसतात. रिमोटवरची मोटार असते, पण रिमोट सापडत नाही. नाचणारे अस्वल असते. वाढदिवसानंतर पंधरा दिवसांत त्याचा सेल संपला आणि ते कायमचे गप्प झाले. एखादे हेलिकॉप्टर असते, त्याची पाती शाबूत असतात, पण आत काहीतरी ‘गेलेले’ असते. काय गेले ते उघडून पाहावे म्हटले, तर त्याच्या स्क्रूचे डोके तीनकोनी! घरातला कुठलाच स्क्रू ड्रायव्हर त्याला लागत नाही. ज्याने ते तयार केले त्याने ते उघडता यावे म्हणून केलेलेच नव्हते. मुलाकडे काम होते ते बटण दाबण्याचे. ते त्याने इमानाने केले, आणि आता ते तुमच्याकडे नवे खेळणे मागते आहे.

विकतच्या खेळण्यांना नावे ठेवावीत म्हणून हे लिहीत नाही. नातवंडांसाठी मीही ती आणते. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांपुढून रिकाम्या हातांनी आनंदाने परतलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. पण गेली सहा-सात वर्षे सिडकोतल्या आमच्या गल्लीतली आठ-दहा मुले रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर जमतात, आणि घरातल्याच वस्तूंतून पळणारी, फिरणारी, उड्या मारणारी खेळणी आम्ही करतो. रिकामी रिळे, बटणे, आगपेट्या, बाटल्यांची झाकणे, तुटक्या चपला, संपलेल्या रिफिली, विणायच्या सुया. या रविवारांमुळे माझे एक मत पक्के झाले आहे. असे खेळणे चालू लागते तेव्हा मुलाला आनंद होतो हे खरे. पण त्याला जे मिळायचे असते ते त्याआधी, खेळणे चालत नसते त्या अर्ध्या तासात मिळते. आणि नेमका तो अर्धा तास आपण मोठी माणसे त्याच्या हातून काढून घेतो.

रिळाच्या गाडीचे पाहा. ज्यांच्या घरी शिवणयंत्र होते त्या पिढीतल्या पुष्कळांनी ही गाडी केलेली असेल. तेव्हा रिळे लाकडाची असत, आता प्लॅस्टिकची मिळतात. भोक आरपार असले म्हणजे झाले. त्या भोकातून एक रबरबँड ओवायचा. एका टोकाच्या फासात आगकाडीचा लहानसा तुकडा अडकवून तो रिळाच्या तोंडाशी चिकटपट्टीने पक्का करायचा. दुसऱ्या टोकाला मेणबत्तीची बोटभर रुंद, पातळ चकती ठेवायची, मधोमध भोक पाडलेली. तिच्यातून रबर बाहेर काढायचे आणि त्याच्या फासात एक लांब काडी घालायची, खराट्याची किंवा रिकामी रिफिल. ही काडी गोल गोल फिरवून रबराला भरपूर पीळ द्यायचा आणि गाडी जमिनीवर ठेवायची. लांब काडीचे टोक जमिनीला टेकलेले असल्यामुळे ती फिरू शकत नाही, म्हणून पीळ सुटताना रीळच फिरते आणि गाडी आपल्या बेताने, गोगलगाईसारखी पुढे सरकू लागते.

वर्णनात ती सरकते. ओट्यावर पहिल्या खेपेला ती बहुधा सरकत नाही. कधी काडी आखूड असते, ती जमिनीला न टेकता नुसतीच गरगरते. कधी आगकाडीचा तुकडा सुटतो आणि सगळा पीळ फुकट जातो. कधी फरशीच इतकी गुळगुळीत असते की रीळ जागच्या जागी घसरते. आमच्याकडच्या एका मुलाने गाडी सतरंजीवर नेऊन ठेवली आणि ती चालली. दुसऱ्याने ते पाहून रिळाच्या कडेला कात्रीने खाचा पाडल्या. मग त्याची गाडी फरशीवर चालली, एवढेच नव्हे, तर आडवे ठेवलेले पुस्तकही चढून गेली. ‘ही मेणाची चकती कशाला लागते?’ असे एका मुलीने विचारले. काढून बघ, म्हटले. तिने काढली. काडी रिळाला घासून अडकली, मग एकदम हिसका देऊन सुटली, पुन्हा अडकली. तिने घरात जाऊन साबणाची वडी मागितली, तिची चकती कापली आणि तीन-चार वेळा दोन्ही चकत्या आलटून पालटून लावून पाहिल्या. साबण मेणापेक्षा बरा, हा तिचा निकाल. घर्षण हा शब्द त्या सकाळी कोणीही उच्चारला नाही.

आता याच ओट्यावरचे दुसरे दृश्य सांगते, कारण तेही जवळजवळ दर रविवारी घडते. मुलाला न्यायला वडील येतात. मूल अडलेले असते. वडील दोन मिनिटे उभे राहून पाहतात, मग चप्पल काढून खाली बसतात आणि म्हणतात, ‘दे इकडे.’ पाच मिनिटांत गाडी चालू होते. मूल टाळ्या वाजवते, बाप खूश होतो, दोघे घरी जातात. पुढच्या रविवारी त्या गाडीचे काय झाले म्हणून विचारले, तर ती कुठे ठेवली हे मुलाला सांगता येत नाही. जिच्यामागे स्वतः तासभर घालवला ती गाडी मात्र मुले रात्री उशाशी घेऊन झोपतात. हा नियम मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि त्याला फारसे अपवाद दिसलेले नाहीत.

बापांचा यात दोष नाही. त्यांनाही मौज हवी असते. आपल्या हाताने काही करून पाहण्याची हौस पंचेचाळिसाव्या वर्षी काही मरून जात नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. मोठ्यांना ओट्यावर यायची मुभा आहे, पण स्वतःचे रीळ आणि स्वतःचे रबर घेऊन. आपली गाडी त्यांनी आपण करावी. मग गंमत अशी होते की बापाची गाडीही पहिल्या खेपेला चालत नाही आणि मूल त्याला सांगते, ‘बाबा, तुमची काडी आखूड आहे.’ आयांचे निराळे. त्यांना पसाऱ्याची धास्ती असते, आणि तो नंतर त्यांनाच आवरावा लागतो म्हणून असते. तेव्हा पसारा मुलांनी आवरायचा, ही अट आधीच घातलेली बरी.

या विषयावर बोलू लागले की कोणीतरी हमखास म्हणते, ‘आमच्या लहानपणी अशीच खेळणी असत.’ असत, हे खरे. मराठवाड्यातल्या खेड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना ज्वारीच्या धाटांची बैलगाडी आठवत असेल. काढणी झाली की धाटे सोलायची. चिवट सालीच्या पट्ट्या आणि आतला पांढरा मऊ गाभा वेगळा करायचा. सालीची टोके गाभ्यात खुपसली की जोड तयार, ना खिळा ना डिंक. पैठण तालुक्यातल्या माझ्या गावी असल्या गाड्यांची रांग ओसरीवर लागत असे. साल बोट कापायची, आणि कापलेल्या बोटाला माती लावून मुले पुन्हा कामाला लागायची. पण त्या दिवसांचे फार गोडवे गाऊ नयेत. आम्ही गाड्या केल्या कारण विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि पाटलांच्या घरी चावीची मोटार आली तेव्हा आमच्या धाटाच्या गाड्यांकडे दोन दिवस कोणी पाहिले नाही.

हे दुःख फार जुने आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला नावच एका खेळण्यावरून मिळाले आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या रूपांतरामुळे आपल्या घराघरांत पोचलेले हे नाटक. त्यात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो. घरी दासी त्याला मातीची गाडी करून देते, पण त्याला ती नको असते. सोन्याचीच हवी म्हणून तो रडतो. त्याचे रडणे पाहून वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरते, आणि पुढचे सगळे नाट्य त्यातून घडते. मला मात्र दरवेळी वाटते की त्या घरात एक गोष्ट राहून गेली. दासीने गाडी करून दिली. रोहसेनाला ती करू दिली नाही. मातीचा गोळा त्याच्या हातात दिला असता तर तो कदाचित तरीही रडला असता. पण निदान चाक गोल का होत नाही म्हणून रडला असता.

चाकावर जनावर बसवून ते ओढायची हौस तर नाटकाहूनही कितीतरी जुनी. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली ब्राँझच्या चार वस्तू जमिनीतून निघाल्या: बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. हजारो वर्षांपूर्वीच्या. चारही मिळून वजन ६० किलोंच्या वर, म्हणजे पोरांनी दोरी बांधून ओढायच्या त्या नसणार. पण तो रथ करणाऱ्या कारागिराने लहानपणी मातीची चाके केलीच नसतील, हे मला पटत नाही.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी हा विषय निघाला आणि अरविंद गुप्तांचे नाव निघाले नाही असे महाराष्ट्रात होऊ नये. मूळचे बरेलीचे, कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरीला लागलेले हे गृहस्थ. कंपनीतून रजा घेऊन ते १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या शाळांत प्रयोगशाळा नव्हत्या, उपकरणे यायची शक्यता नव्हती. तेव्हा आठवड्याच्या बाजारात जे मिळेल तेच उपकरण, असे त्या मंडळींनी ठरवले. गुप्तांच्या हाती लागली ती आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हला लागणारी बारीक रबरी नळी. त्या नळीचे तुकडे करून त्यांत दोन्हीकडून काड्या खुपसल्या की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, तो कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, तो बोटाने ढकलताच कलंडतो. पत्र्याच्या शेडखालची कैची आणि विजेच्या तारांचा मनोरा त्रिकोणा-त्रिकोणांचा का असतो, हे पाचवीतल्या मुलाला एका मिनिटात कळते, आणि खर्च म्हणाल तर चहाच्या कपाएवढाही नाही. काड्यांच्या या खेळावरचे त्यांचे पुस्तक कितीतरी भाषांत गेले. २००३ पासून २०१४ पर्यंत ते पुण्याच्या आयुकात होते. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या त्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ आहे. तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. ते एका ताऱ्याचेही नाव आहे आणि त्यात आपल्या पु.लं.ची आठवणही आहे. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपली पुस्तके आणि खेळण्यांची माहिती संकेतस्थळावर सर्वांसाठी फुकट ठेवली आहे, मराठीतही पुष्कळ आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या सुदर्शन खन्नांनी देशातल्या जत्रा-बाजारांत विकली जाणारी हलती खेळणी गोळा करून त्यांच्यावर पुस्तके लिहिली, त्यांचेही ऋण मोठे आहे. बाभळीखाली बसून भिरभिरी विकणारा माणूस हा कारागीर आहे, हे त्यांनी शिकलेल्या लोकांना दाखवून दिले.

पण पुस्तक असो की चित्रफीत, तिच्यात खेळणे पहिल्याच फटक्यात चालते. मुलांना ते दाखवताना मला ही एकच अडचण वाटते.

आता चपलेच्या गाडीविषयी. जुन्या स्लीपरच्या रबराची चाके फार उत्तम होतात. बाटलीचे झाकण ठेवून पेनाने वर्तुळ काढायचे आणि कापायचे. हे कापण्याचे काम मोठ्यांचे; रबर कापताना ब्लेड सटकते, तेव्हा इथे ‘दे इकडे’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही. सायकलच्या स्पोकचा तुकडा हा आस. त्याची टोके कानशीने घासून बोथट करून घ्यावीत. रिफिलची रिकामी नळी पुठ्ठ्याखाली चिकटवायची, तिच्यातून स्पोक आरपार घालायचा आणि दोन्हीकडे चाके घट्ट बसवायची. आस नळीत सैल फिरला पाहिजे आणि चाक आसावर घट्ट बसले पाहिजे. याच्या उलट झाले की गाडी अडते, आणि निम्म्या मुलांचे उलटच होते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या चाकाचे भोक मध्यावर पडले नाही. गाडी लंगडू लागली. बाकीची पोरे हसली. तिने ती फेकून दिली नाही. ओट्याच्या टोकाला बसून पुढे-मागे ढकलत राहिली आणि थोड्या वेळाने तिने दुसऱ्या चाकाचे भोकही मुद्दाम कडेला पाडले. पुठ्ठ्यावर तिने एक बदक काढून उभे केले होते. दोन्ही चाकांची भोके एकाच बाजूला ठेवली तर बदक उड्या मारत चाले. एक चाक अर्धे फिरवून बसवले, म्हणजे एक भोक वर असताना दुसरे खाली, तर तेच बदक डावीकडे-उजवीकडे झुलत, ऐटीत चालू लागे. पुढच्या दहा मिनिटांत ओट्यावरच्या सगळ्यांना लंगडी चाके हवी झाली. शेजारच्या घरातला एक लहानगा आपले सरळ चाक घेऊन माझ्याकडे आला, ‘नानी, मेरा कायकू नै उछलता?’

त्या मुलीचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहेत. मुलगी इंग्रजी माध्यमात, त्यामुळे तिच्या अभ्यासाशी त्यांचा संबंध फी भरण्यापुरता. पालकसभेला आई जाते, तीही मागच्या बाकावर बसते. त्या दिवशी रात्रपाळी करून आलेले ते गृहस्थ लेकीला न्यायला आले आणि बदक पाहून थबकले. उकिडवे बसून त्यांनी ते दोनदा फरशीवरून चालवले. ‘काकू, हा तर कॅम आहे,’ ते म्हणाले. ‘मी ग्राइंडिंगला आहे ना, आम्ही दिवसभर हेच घासतो.’ मग त्यांनी लेकीला तिथेच बसून सांगितले. मोटारसायकलच्या इंजिनात एक दांडा असतो, त्याच्यावर तुझ्या चाकासारखे एका बाजूला फुगलेले गोळे असतात. दांडा फिरला की गोळ्याचा फुगलेला भाग व्हॉल्व्हला ढकलतो, व्हॉल्व्ह उघडतो. फुगवटा पुढे गेला की स्प्रिंग तो बंद करते. तुझे बदक वर जाते तेव्हा व्हॉल्व्ह उघडला समज. मुलगी ऐकत होती, आणि गल्लीतली बाकीची मुलेही भोवती गोळा झाली होती. मला आठवते ते एवढेच, की पंधरा-वीस मिनिटे तो माणूस बोलत होता आणि त्याला कोणी थांबवत नव्हते.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. आपले शहर यंत्रांवर पोट भरणारे शहर आहे. इथल्या हजारो घरांत सकाळी, दुपारी, रात्री पाळीवर जाणारी माणसे आहेत. त्यांच्या हातांना गिअर, बेअरिंग, स्प्रिंग, कॅम यांची उत्तम ओळख आहे. आणि त्यांच्याच घरांतल्या मुलांना चाक आसावर कसे बसते हे ठाऊक नाही, कारण ते पुस्तकात विचारले जात नाही आणि घरातल्या खेळण्याचे पोट तीनकोनी स्क्रूने बंद आहे. बापाचे ज्ञान कारखान्याच्या गेटवरच राहते. हा तोटा कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

शाळांत ‘प्रोजेक्ट’ म्हणून जे चालते त्याने तर हा तोटा आणखी वाढवला आहे. प्रदर्शनाच्या आठवड्यात स्टेशनरीच्या दुकानांतून ज्वालामुखी, पवनचक्की, पाऊस-पाण्याचे मॉडेल असे सगळे तयार मिळते. घरी करायचे ठरवले तरी थर्माकोल कापते आई, वायर जोडतो मामा आणि मूल रात्री अकराला पेंगत पेंगत नावाची चिठ्ठी चिकटवते. गेल्या वर्षी अशाच एका प्रदर्शनात मी गेले होते. एका मुलाने स्वतः केलेली रबराची बोट आणली होती, तिला डिंकाचे ओघळ होते, आणि ती पाण्यात चालत होती. बक्षीस मिळाले ते रंगीत दिव्यांच्या पवनचक्कीला. ती वाऱ्याने फिरत नव्हती; आत मोटर होती. शिक्षकांनाही बोल लावता येत नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग, वर पाहुणे येणार, मग टापटीप दिसेल त्याला गुण. पण ‘तुझे काय चालले नाही आणि मग तू काय केलेस?’ एवढा एक प्रश्न प्रत्येकाला विचारून त्यालाच निम्मे गुण ठेवले, तर दुकानातली मॉडेले आपोआप मागे पडतील. त्या प्रश्नाचे उत्तर विकत मिळत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळण्यांतून शिकण्याचा उल्लेख आला आणि एनसीईआरटीने २०२२ साली त्यावर शिक्षकांसाठी हस्तपुस्तिकाही काढली. हे चांगलेच झाले. मला धास्ती आहे ती एवढीच की उद्या भिरभिऱ्याचाही तक्ता येईल, अमुक तासाला अमुक भिरभिरे, त्यातून साध्य झालेली उद्दिष्टे चार, आणि शेवटी शिक्षकांची सही.

आपल्या शहरात तर या विषयाची एक तयार शाळा आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाशी. पाणचक्की आपण पाहुण्यांना दाखवतो, हौदाच्या काठी फोटो काढतो, वडाच्या सावलीत बसतो आणि परततो. मुलांना ती दाखवायची तर आधी घरी एक पाणचक्की करून मग न्यावे, असे मी सांगेन. एक बटाटा, विणायची सुई त्याच्या आरपार, आणि प्लॅस्टिकच्या बाटलीतून कापलेल्या सहा-आठ पट्ट्या बटाट्यात खुपसलेल्या. सुई दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून धरायची आणि दुसऱ्याने वरून पाणी सोडायचे. आठवडा-आठवडा नळाची वाट पाहत ज्या शहराची वर्षे गेली, तिथे हा खेळ नळाखाली करावा असे म्हणायची माझी छाती नाही. तांब्याने ओतावे, खाली बादली ठेवावी, आणि नंतर ते पाणी तुळशीला घालावे.

असे चाक करून गेलेली मुले पाणचक्कीत वेगळेच पाहतात. आमच्या मुलांनी पहिल्याच भेटीत धरले, ‘हे तर आडवे आहे!’ त्यांचे चाक बैलगाडीसारखे उभे होते. इथले चाक जमिनीसारखे पसरलेले, खाली पाण्याच्या माऱ्यात, आणि त्याचा दांडा सरळ वर जाऊन जात्याच्या पाळीला फिरवणारा. मधे दातेरी चाक नको, पट्टा नको. दर्ग्यातल्या फकिरांसाठी, शिकणाऱ्यांसाठी आणि वाटसरूंसाठी याच जात्यावर पीठ निघत असे. तिथले दळण केव्हाच थांबले. घरी येऊन मुलांनी आपले बटाट्याचे चाक आडवे केले आणि वरून पाणी ओतले. ते हलेना. पट्ट्या सपाट होत्या, पाणी त्यांच्यावर आपटून नुसते खाली पडत होते. तिसऱ्या रविवारी एकाने पट्ट्या पंख्याच्या पात्यांसारख्या तिरप्या खोचल्या आणि चाक फिरले. मधल्या दोन रविवारी कोणीही त्यांना उत्तर सांगितले नाही. त्यासाठी मला स्वतःला बरेचदा स्वयंपाकघरात जाऊन बसावे लागले.

त्यानंतरचा प्रश्न पाण्याचा निघाला. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला नहरीचे पाणी दिले, पाणचक्कीचे पाणीही डोंगराकडच्या झऱ्यांतून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी येते आणि भिंतीतून वर चढून हौदात पडते. ते वर कसे चढते? पंप तर नव्हता. नळ बंद असेल तर खाली उतरलेले पाणी आपल्या उगमाच्या उंचीपर्यंत पुन्हा वर येते, हे वाक्य मी सांगू शकले असते. त्याऐवजी शेजारच्या बांधकामावरून लेव्हल पाहायची ती लांब पारदर्शक नळी मागून आणली. मुलांनी तिच्यात पाणी भरले, कुंकवाची चिमूट टाकली, एक टोक धरून एकजण जिना चढू लागला आणि दुसरा अंगणात दुसऱ्या टोकावर अंगठा दाबून उभा राहिला. अंगठा काढल्यावर काय झाले ते अंगणातल्या मुलाच्या सदऱ्यावर लालभडक उमटले. आता ती मुले नळी कुठून कुठे न्यायची याचा नकाशा आखत आहेत, गच्चीपासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत. नळी गवंड्याची आहे. सोमवारी सकाळी आठच्या आत ती परत द्यायची असते.